कोळशाने लिहिलेला निरोप

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. एकटी भिंत. लोक मला अजून 'चर्च' म्हणतात, तो त्यांचा चांगुलपणा. चर्चला चार भिंती असतात, छप्पर असते, मनोरा असतो आणि आत माणसे असतात. माझ्याकडे यांतले काही नाही. उत्तरेकडची मी आणि मला चिकटून राहिलेला कमानीचा अर्धा तुकडा, एवढाच आमचा संसार. भिंतीला कान असतात असे तुम्ही ऐकले असेल. ते खरे आहे. पण तिला तोंड नसते, हे दुःख तुम्हाला कुणी सांगितले नसेल. आज मात्र मला बोलायचेच आहे, आणि मला फार घाई आहे. ती कशाची ते कळायला तुम्हाला माझी गोष्ट सुरुवातीपासून ऐकावी लागेल.

आम्ही चार बहिणी. खाणीतून दगड गाड्यांवर लादून आणले आणि पाथरवटांनी वर्षभर त्यांच्यावर टाकी चालवली. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला देवपण काही आले नाही, पण देवाच्या घराची भिंत होण्याइतके घाव मी नक्की सोसले. ज्या गवंड्याने मला उभे केले तो फार चेंगट माणूस होता. त्याने आधी एक खड्डा खणून त्यात चुना भिजत घातला आणि वर्षभर त्याला हात लावू दिला नाही. लोक चिडले, हसले, पाद्री रुसले. गवंडी म्हणायचा, "दगड भिंतीला उभं करतो, पण जगवतो तो चुना. पाणी आत शिरणारच. त्याला बाहेर यायला वाट ठेवली की भिंतीला काही होत नाही." हे वाक्य मी माझ्या सांध्यांत जपून ठेवले आहे. ते तुम्हीही लक्षात ठेवा.

मग कामाची वर्षे आली. खरे सांगते, मला कुणी कधी 'वा' म्हटले नाही. वाहवा होती दक्षिणेच्या बहिणीची. तिच्या अंगावर रंगीत काचांच्या खिडक्या होत्या, त्यांतून ऊन आले की पाहुणे माना वर करून उभे राहत. माझ्या वाट्याला सावली, ओल आणि कोळिष्टके. दंगा करणाऱ्या मुलांना माझ्याकडे तोंड करून उभे करत, आणि ती मुले नखाने माझा गिलावा उकरत बसत. तरी माझ्यापाशी म्हाताऱ्यांची बाके होती. त्यांच्या पाठी टेकून टेकून माझा एक पट्टा गुळगुळीत झाला होता. लग्ने झाली, बारशी झाली, शवपेट्या आल्या आणि गेल्या. दुपारी बाराला घंटा वाजली की गल्लीतल्या माणसांना जेवायची आठवण होई. कंटाळवाणे आयुष्य होते, मित्रांनो. किती सुंदर कंटाळा होता तो!

मग युद्ध आले. कोण कुणाशी आणि कशासाठी लढत होते, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मला एवढेच ठाऊक आहे की भर दुपारी आकाशातून काहीतरी पडले. आधी छप्पर गेले. मग मनोरा घंटेसकट खाली आला. दक्षिणेची बहीण तिच्या सगळ्या काचांसह एका क्षणात नाहीशी झाली. पूर्वेची आणि पश्चिमेची दोन दिवस तग धरून होत्या, मग त्याही बसल्या. मी का राहिले? काही मोठे कारण नाही. जिला कुणी बघत नव्हते, तिला बॉम्बनेही बघितले नाही.

गावाची दाणादाण उडाली. घरे पडली, डाक बंद झाली, टेलिफोनच्या तारा तुटल्या. माणसे एकमेकांना शोधत धावत होती. पण जो तो चर्चच्या चौकातून जाणारच, हे सगळ्यांना माहीत होते. मग कुणीतरी जळक्या तुळईचा कोळसा उचलला आणि माझ्या आतल्या गिलाव्यावर लिहिले, 'आम्ही तिघे बरे आहोत. काकांकडे या.' त्याचे बघून दुसऱ्याने लिहिले, तिसऱ्याने लिहिले. चार दिवसांत माझे अंग भरून गेले. 'दुकान गेले, मी आहे.' 'धाकट्याला पाहिले का? निळा स्वेटर.' न्हाव्याने लिहिले होते, 'वस्तरा वाचला. विहिरीपाशी बसतो. दाढ्या चालू.' ते वाचून लोक रडता रडता हसले. ज्या भिंतीला कुणी विचारत नव्हते, तिच्यापुढे आता सकाळपासून रांगा लागत. मला लाज वाटते सांगायला, पण त्या भयंकर दिवसांत मला पहिल्यांदा वाटले की आपला कुणाला तरी उपयोग आहे.

पाचव्या दिवशी एक मुलगी आली. एकोणीस वर्षांची. टेलिफोन कचेरीत कामाला होती. तिचा एक बूट हरवला होता. तिने कमानीखालची कोरडी जागा निवडली आणि हनुवटीच्या उंचीवर, घाईघाईने पण वळणदार अक्षरात लिहिले:

'आई, मी जिवंत आहे. पुलापलीकडे जाते आहे. इथेच थांब. मी येते.'

मग तिने कोळसा खाली ठेवला, काळी बोटे फ्रॉकला पुसली आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी पूल पडला.

तिची आई शिंपीण होती. मुलगी गेल्यावर तिसऱ्या दिवशी शिंपीणबाई माझ्यापर्यंत पोहोचली. तिने निरोप वाचला आणि अक्षरांवर गाल टेकवून मोठ्याने हसली. "आहे! माझी पोर आहे!" असे ती येणाऱ्या जाणाऱ्याला धरून सांगत होती. नदीत होडी सुरू झाली तेव्हा लोक तिला म्हणाले, चल, पलीकडे जाऊन शोधू. ती होडीत बसली आणि होडी सुटण्याआधी उतरली. "तिनं थांब म्हटलंय. मी तिकडे गेले अन् ती इकडे आली, तर चुकामूक व्हायची." मग इतर लोक फोटो घेऊन गेले. पाद्रीबाबांनी पत्रे लिहिली. काही कळले नाही. युद्ध संपले, नवा पूल झाला, त्यावरून गाड्या धावू लागल्या. बाई पुलावर गेली नाही. तीस वर्षे गेली नाही.

चौकाच्या कोपऱ्यावरच तिची खोली होती. खिडकीला लावून शिवणयंत्र, भिंतीवर कात्री, खुर्चीवर कुणाची तरी उसवलेली पँट. शिवता शिवता मान वर केली की मी दिसावे, अशी तिने खोलीची मांडणी केली होती. पावसाने बाकीचे निरोप धुऊन नेले. माणसे भेटली किंवा भेटली नाहीत, आणि कोळसा वाहून गेला. कमानीखालचा हा एक राहिला. कोटाच्या जाड अस्तराचा दुहेरी पडदा शिवून तिने त्यावर टांगला होता. रोज दुपारी बाराला, पोरीच्या जेवणाच्या सुट्टीच्या वेळेला, ती येई, पडदा बाजूला करी, चार ओळी वाची आणि पडदा लावून परत जाई. कधी काही बोलत असे. "आज थंडी आहे गं. स्वेटर घातलास ना?" मी ऐकत असे. मला उत्तर देता आले असते तर मी काय दिले असते, कोण जाणे.

आता माझ्यावर आलेले दुसरे संकट ऐका. पहिले शत्रूने आणले होते. हे मायेने आणले.

तीन वर्षांपूर्वी नगरपालिकेचा अभियंता आला. त्याने मला ठोकून पाहिले आणि कागदावर लिहिले की पावसाळ्याआधी भिंत मजबूत करा, नाहीतर पाडून टाका. शिंपीणबाईने घरोघरी जाऊन लोक गोळा केले. लोक खरोखर चांगले होते. ज्याला जे जमले ते त्याने आणले, आणि सगळ्यांनी आणले सिमेंट. चौकात पोत्यांची रास लागली. कामाला बोलावले चुनेदादाला. चुनेदादा म्हणजे माझ्या त्या चेंगट गवंड्याचा पणतू. लग्नाला गेला तरी नवरीकडे न बघता भिंतीकडे बघणारा माणूस. "लोकांना चुना लावणारे गावात पुष्कळ आहेत, भिंतीला लावणारा मी एकटाच," असे तो स्वतःच म्हणायचा, म्हणून त्याचे हे नाव पडले.

त्याने पोती पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"ताई, हे हिला चालायचं नाही. ही चुन्याची भिंत आहे. बाहेरून सिमेंट थापलं की आतलं पाणी आतच कोंडेल."

"मग चुना लावा."

"चुना भिजत घालावा लागतो. वर्ष तरी. मग लावल्यावर हळूहळू धरतो."

"वर्ष? दादा, पावसाळा दीड महिन्यावर आलाय. तोवर पाडतील हिला!"

"आपण अभियंत्याला समजावू. मी येतो तुझ्याबरोबर."

"त्याला समजायच्या आत भिंत पडली तर? माझ्या पोरीचं अक्षर आहे हो हिच्यावर. दुसरं काय आहे माझ्याकडे? पक्कं करा. एकदम पक्कं. पुन्हा कधी हलायलाच नको."

बाई रडू लागली. चुनेदादा थापी हातात फिरवत राहिला. त्याला कळत होते, मित्रांनो. सगळे कळत होते. पण रडणाऱ्या आईला 'नाही' म्हणायला जी छाती लागते, ती त्याच्याकडे नव्हती. त्याने परांची बांधली आणि माझ्या पाठीवर, माझ्या डोक्यावर, माझ्या एकूण एक सांध्यात सिमेंट भरले. मी ओरडत होते. कुणाला ऐकू जाणार? मी मनात म्हणत होते, पणजोबाचे वाक्य विसरलास का रे? विसरला नव्हता. त्याच संध्याकाळी घरी जाऊन त्याने परसात खड्डा खणला आणि चुना भिजत घातला. कुणाला बोलला नाही.

मोठा समारंभ झाला. फोटो निघाले. मी करडी, गुळगुळीत, तरुण दिसत होते म्हणे. शाळेच्या मुलांनी माझ्या सावलीत बसून डबे खायला सुरुवात केली, ती रोजचीच झाली. ती मुले म्हणजे तुम्हीच. तुमच्या पाठी मला लागल्या आणि मला ती जुनी म्हाताऱ्यांची बाके आठवली. म्हणून तर पुढचे सगळे जास्त वाईट वाटते.

पहिल्या पावसाळ्यात डोक्यावरच्या सिमेंटला केसाएवढी चीर पडली. तेवढी वाट पाण्याला पुरली. आत शिरलेले पाणी बाहेर पडू शकेना. जमिनीतली ओलही वर चढली. पाठ बंद, डोके बंद. श्वास घ्यायला उरला तो एकच आतला गिलावा, जिथे अक्षर होते. सगळी ओल तिकडे धावली आणि येताना मीठ घेऊन आली. गिलाव्यावर पांढरा खार फुटला, फुगे आले. मी ओल रोखायचा प्रयत्न केला. भिंत काय रोखणार? ज्या बाईने मला वाचवले तिच्या मुलीचे अक्षर मी स्वतःच्या घामाने पुसत होते, आणि मला थांबता येत नव्हते. याहून मोठी शिक्षा मला माहीत नाही.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर एका दुपारी बाईने पडदा बाजूला केला आणि शेवटची ओळ खाली पडलेली होती. 'मी येते' नव्हते. पायाशी पांढरा भुगा होता. ती गुडघ्यांवर बसली. तिने भुग्यातले काळे कण वेचले, रुमालावर मांडले, 'म'चा आकार जुळवून पाहिला. फुंकर नको लागायला म्हणून श्वास रोखून धरत होती. जुळले नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसली. असे तिने महिनाभर केले.

मग ती चुनेदादाकडे गेली. त्याने येऊन मी सरळ उभी आहे का ते पाहायला वरून ओळंबा सोडला. दोरी माझ्या अंगाला वर टेकत होती, मधे टेकत होती आणि खाली चार बोटे लांब लटकत होती. या वयात मला पोट सुटले होते, आणि ते हसण्यासारखे नव्हते. माझ्या आतला चुना भिजून भिजून लापशी झाला होता.

"काय ते खरं सांगा," बाई म्हणाली.

"सिमेंट उतरवलं नाही तर येत्या पावसात ही बसणार. अख्खी. पोरांच्या बाजूला."

"मग उतरवा."

"ताई, सिमेंट दगडाला घट्ट धरून बसलंय. छिन्नीनं फोडावं लागेल. पाठीवर घाव घातला की पुढचा गिलावा हादरणार." त्याने फुगलेल्या गिलाव्यावर बोट टेकवले. "तो आधीच सुटलाय. अक्षर राहायचं नाही."

 माझ्या सावलीत त्या वेळी तुम्ही बसला होतात. एकाच्या डब्यातले दुसरा पळवत होता आणि तिसऱ्याला हसता हसता ठसका लागला होता. तिने तुमच्याकडे पाहिले. तुम्ही तिच्याकडे पाहिले नाही, आणि ते बरोबरच आहे.

"कधीपासून सुरू करता?" तिने विचारले.

"ताई, चूक माझी आहे. मला माहीत असून मी..."

"चूक दोघांची. कधीपासून?"

काम सोमवारी सुरू झाले. चौकात दोरी बांधून तुम्हाला लांब ठेवले, तुम्ही चिडलात. चुनेदादा पाठीमागून एकेक इंच सिमेंट फोडत होता, आणि पुढून शिंपीणबाई दोन्ही पंजे पसरून गिलावा दाबून उभी होती. सत्तरी ओलांडलेली बाई. प्रत्येक घावाला तिचे खांदे उडत. "हळू" म्हणाली नाही. पहिल्या दिवशी 'इथेच थांब' गेले. बोटांमधून निसटले. दुसऱ्या दिवशी पुलाची ओळ गेली. बुधवारी काहीच गेले नाही, आणि मला वेडी आशा वाटली. मला म्हणायचे होते, पुरे करा, उरलेले राहू द्या, मी धरीन कसेतरी. पण मी खोटे बोलले असते. मला स्वतःचाच भार धरवत नव्हता.

आज सकाळी एकच जागा राहिली होती, पहिल्या ओळीच्या बरोबर मागची. चुनेदादाने हातोडा उचलला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मग परांचीवरच बसून राहिला.

"मारा, दादा," बाई पुढून म्हणाली.

"माझ्यानं होत नाही, ताई."

"नका करू असं! त्या वेळी माझं ऐकलंत ना? मग आता पण ऐका. मारा!"

त्याने घाव घातला. सबंध तुकडा एकदम सुटला. तो तिच्या छातीवर आला, तिने मिठीत धरायला हात आवळले आणि आवळल्यानेच त्याचा चुरा झाला. 'आई, मी जिवंत आहे' तिच्या बाह्यांवर, हनुवटीवर, चपलांवर पांढरे होऊन पडले. मागे राहिला माझा उघडा दगड. सव्वाशे वर्षांत त्याला वारा लागला नव्हता. मित्रांनो, मला पहिल्यांदा नीट श्वास आला. आणि तो श्वास मला नकोसा झाला.

चुनेदादा धडपडत खाली उतरून आला. बाई रडत नव्हती. तिने अंग झटकले नाही. ती दगडाकडे बघत होती.

"तीस वर्षं तिनं थांब म्हटलं म्हणून थांबले," ती म्हणाली. "आता थांब म्हणायला कुणी राहिलं नाही."

"ताई, घरी चल. मी सोडतो."

"तुम्ही काम करा. भिंत उघडी आहे. आभाळ भरून आलंय, चुना आजच भरायला हवा. त्या पोरांसाठी तरी."

आणि ती निघाली. घराकडे नाही. चौक ओलांडून डावीकडे वळली, नदीच्या रस्त्याला. चुनेदादाने दोन पावले टाकली आणि थबकला. एका बाजूला ती, एका बाजूला मी, माझे सगळे सांधे उघडे, आणि वरून पहिले थेंब. तो मागे वळला. परसातून आणून ठेवलेला, तीन वर्षे भिजलेला चुना त्याने घमेल्यात घेतला, आणि तो रडत रडत माझे सांधे भरू लागला. आता तो तेच करतो आहे. मी उभी राहीन असे दिसते. कदाचित आणखी सव्वाशे वर्षे.

मित्रांनो, कुणावर माया केलीत तर आधी त्याला काय सोसते ते विचारा. विचारता येत नसेल तर जाणत्याला विचारा, आणि तो 'थांब' म्हणाला तर ऐका. पण हे सगळे शहाणपण तुम्ही उद्या आठवा. आज माझे एक ऐका. बारा वाजून गेले आहेत आणि शिंपीणबाई आलेली नाही. पाऊस वाढला आहे. तुम्ही आता शाळेतून सुटाल. तुमच्यापैकी कुणाचा रस्ता पुलावरून जात असेल, तर अंगाला पांढरा चुना लागलेली एक म्हातारी बाई दिसते का पाहा. पुलापलीकडची वाट तिला ठाऊक नाही, कारण तीस वर्षे ती माझ्यापाशीच उभी होती. कुठे चाललात, असे तिला विचारू नका. तिचा हात धरा. मला हात नाहीत.